अदींची स्पायरल फाइल

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, तर अदींचे. हे वाक्य मी आजवर बऱ्याच माइकांसमोर म्हटलं आहे, आणि त्याला लगेच 'त्यांच्या ऋणातून उतराई होणं या जन्मी शक्य नाही' हेही जोडलं आहे. हे दुसरं वाक्य अदींना आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, "पुट, समजा तू उतराई झालास. मग काय, येणं बंद करशील?"

अदी म्हणजे सिंधीत बहीण, आणि पुट म्हणजे मुलगा. बहिणीने भावाला मुलगा म्हणावं हे आमच्यात कोणाला खटकलं नाही. अदींच्या नवऱ्याला तर मी काका म्हणतो. उल्हासनगरात नाती अशीच लागतात, हिशेब नंतर कोणी करत नाही.

आम्ही मूळचे अंबरनाथचे. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार. आई उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे छोट्या कटरने छाटायचे, एवढंच काम, पण दिवसभर. आठवीच्या सहामाहीत मी गणितात नापास झालो तेव्हा तिने मला मारलं नाही. सोबत कारखान्यात नेलं, पँटींच्या ढिगावर बसवलं आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "कटर आजच देऊ का दहावीनंतर देऊ?"

त्याच वेळी शेजारच्या बरॅकमधल्या, म्हणजे निर्वासितांच्या जुन्या बैठ्या चाळीतल्या, अदी कारखान्यात बटणं पोचवायला आल्या होत्या. काकांचं बटण-चेनचं लहानसं दुकान आहे. अदींनी माझी उत्तरपत्रिका मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली आणि हसू लागल्या.

"ताई, इसको मेरे पास भेजो. लडका गलती भी कॉन्फिडन्स से करता है."

माझ्या आयुष्यावर आजवर झालेली ही सगळ्यांत अचूक टीका.

अदी पाकिस्तानात, सिंधमध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्नानंतर नवऱ्यासोबत इकडे आल्या आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिल्या. तिकडून कायमचं राहायला आलेल्यांना नागरिकत्व मिळेपर्यंत सरकार ही परवानगी देतं, ती अधूनमधून वाढवून घ्यावी लागते. पुढे काकांना नागरिकत्व मिळालं. मुलगी इथेच जन्मली. अदींचा अर्ज 'प्रक्रियेत' होता. मी आठवी पास झालो, दहावी झालो, बीएस्सी झालो, नोकरीला लागलो, अदींचा अर्ज प्रक्रियेतच होता.

शाळेत नोकरी मिळेना म्हणून त्यांनी बरॅकच्या पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली होती. माझं माध्यम मराठी, त्यांना मराठी येईना. मग त्यांनी माझ्याच पाठ्यपुस्तकातून मराठी शिकून घेतली. त्यामुळे त्यांची मराठी भूमितीची मराठी झाली. 'समजा'ने सुरुवात, 'म्हणून'ने शेवट. मी डबा खाल्ला म्हणालो की त्या म्हणायच्या, "सिद्ध कर." मग मी रिकामा डबा उघडून दाखवायचो.

पदवीधर होणारा आमच्या खानदानातला मी पहिला. निकाल लागला तेव्हा आमच्या विहारात सत्कार झाला, आणि मी हट्टाने अदींनाही व्यासपीठावर बसवलं. त्यांना शाल दिली, मग मी भाषण केलं. ते इतकं लांबलं की मधे खिचडी आली आणि श्रोते गेले. अदी मात्र शाल सावरत शेवटपर्यंत बसून होत्या. त्यांना उठता येईना, कारण त्या माझ्या शेजारीच होत्या.

पहिला पदवीधर म्हणजे घराण्याचा अर्जनवीस. वीजबिल जास्त आलं, रेशनकार्डावरून सून गळली, की माझ्याकडे. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' हे मी झोपेतही लिहू शकतो. त्यात कॉलेजात माझ्या प्रोजेक्टला चांगले मार्क पडले होते, आणि सर म्हणाले होते, "बाइंडिंग छान आहे." मजकुराबद्दल ते काही बोलले नव्हते. पण त्या दिवसापासून माझी ठाम श्रद्धा बसली, की कागद सुटा असेल तर कोणी वाचत नाही आणि स्पायरल केला तर कोणी नाकारत नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मी क्वालिटीला आहे त्या कंपनीत, अजूनही माझा महिन्याचा रिपोर्ट स्पायरल होऊन जातो. साहेब तो उशाला घेत असावेत.

मग देशात तो भयंकर हल्ला झाला आणि हुकूम निघाला, की पाकिस्तानी नागरिकांनी देश सोडावा. त्याच हुकमात पुढे होतं, की दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. मी बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतून, सुट्टीच्या दिवशी उठून उल्हासनगरला गेलो आणि अदींच्या पुढच्या खोलीत उभा राहून तो हुकूम मोठ्याने वाचून दाखवला. इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला, मग हिंदीत. अदी, काका आणि त्यांची नववीची परीक्षा दिलेली मुलगी ऐकत बसले.

"म्हणजे अम्माला काही नाही ना?" मुलीने विचारलं.

"शंभर टक्के नाही," मी म्हणालो. कॉन्फिडन्स से.

अडचण एवढीच होती, की अदींच्या व्हिसाची जुनी मुदत संपली होती. वाढवून मिळण्याचा अर्ज त्यांनी वेळेत केला होता, पावती हातात होती, नवा कागद आला नव्हता. अर्ज विचाराधीन असेल तर माणूस बेकायदा ठरत नाही, हेही मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं.

त्याच संध्याकाळी दोन पोलिस आले. सिंध्यांच्या घरी कोणीही आलं तरी आधी पापड आणि पाणी येतं. मग तो जावई असो की वीज तोडणारा. अदींनी दोघांपुढे भाजलेला पापड ठेवला. साध्या वेशातला होता तो नको म्हणाला. हवालदार वयस्क होता, त्याने संकोचत एक तुकडा मोडला. पापडाचा आवाज त्या शांततेत इतका मोठा झाला, की तो तोंड हलवायचाच थांबला.

"मॅडम, उद्या सकाळी पोलिस ठाण्यात या. ओरिजिनल कागद घेऊन. नुसती चौकशी आहे."

ते गेल्यावर काकांनी दाराला कडी लावली. "नागपूरला बहन के घर चली जा. चार दिन. हवा ठंडी होने दे."

अदी म्हणाल्या, "समजा, मी गेले. म्हणजे मी लपले. म्हणून मी चोर. मी चोर आहे का?"

"बरोबर!" मी टाळी वाजवायचाच राहिलो. "अदी, तुम्ही काकांसोबत पुढे व्हा. मी सगळी फाइल तयार करून आणतो. अशी फाइल, की साहेब खुर्चीतून उठतील."

"तू कामावर जा," अदी म्हणाल्या. "कागद आहेत माझ्याकडे."

पण मी रजा टाकली. आमच्या भागात कुठलंही संकट आलं तरी पहिला उपाय नगरसेवकाचं लेटरहेड. शाळेच्या दाखल्यापासून नळाच्या कनेक्शनपर्यंत ते चालतं, तर सीमेवर का नाही चालणार? मी सकाळी सकाळी माजी नगरसेवकांच्या दारात. 'सदर महिला सुस्वभावी असून माझ्या परिचयाच्या आहेत.' नंतर माझ्या शाळेचे मुख्याध्यापक. मग विहाराची कमिटी. मग जीन्स कारखान्याचे शेठ, ते म्हणाले, "साईं, मेरा लेटरहेड जीएसटी वाला है, चलेगा?" मी म्हणालो, जीएसटीवालं तर आणखी चांगलं. जाता जाता गणपती मंडळाच्या अध्यक्षांचंही घेतलं. त्या लेटरहेडवर गणपती होता आणि खाली 'नवसाला पावणारा'.

आणि मग मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

"वरचं कव्हर ट्रान्स्परंट देऊ का निळं?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

मी विचार करू लागलो. खरंच विचार करू लागलो. निळं सरकारी वाटेल, पारदर्शक असलं तर पहिलं पान लगेच दिसेल. पारदर्शक ठरलं. मग अनुक्रमणिका टाइप करून घेतली. मग लक्षात आलं, की पानांवर नंबर नाहीत. झेरॉक्सवाला म्हणाला, "घाई असेल तर स्टेपल मारून देतो ना." मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने मला कॉपी करायला सांगितली.

स्पायरलच्या मशीनमध्ये पानांना भोकं पडत होती तेव्हा मुलीचा फोन आला.

"दादा, अम्माला गाडीत बसवलं. बॅग आणायला पण नाही सोडलं. बाबा रडतायत. तू कुठे आहेस?"

रिक्षाने पोलिस ठाण्यात पोचेपर्यंत गाडी गेलेली होती. काका बाहेरच्या बाकावर बसले होते. मी फाइल छातीशी धरून आत गेलो. टेबलावरचे साहेब फोनवर होते. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, त्यांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. त्यांना हा हुकूम लागू नाही."

"मुदत संपलीय."

"वाढवायचा अर्ज केलाय. वेळेत. पावती आहे."

"पावती म्हणजे व्हिसा नाही. नाव वरून आलंय."

"पण साहेब, हुकमात स्पष्ट लिहिलंय—"

"तू वकील आहेस?"

"नाही. बीएस्सी."

"विषय?"

"केमिस्ट्री."

साहेबांनी हात पुढे केला. मी फाइल दिली. त्यांनी पानं उलटली, गणपतीपाशी जरा थांबले, अनुक्रमणिका पाहिली. "छान केलीय," ते म्हणाले आणि परत दिली. त्यात चेष्टा नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते खुर्चीतून उठले नाहीत. फाइल वेळेत पोचली असती तरी उठले नसते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आजवर मला एकाही चेहऱ्यावरचं एवढं स्पष्ट वाचता आलं नव्हतं.

अदींचा फोन आला तो दोन दिवसांनी, सीमेवरून. सोबतच्या महिला पोलिसाने आपला फोन दिला होता. त्या आधी मुलीशी बोलल्या, काकांशी बोलल्या. मग म्हणाल्या, पुटला दे.

"फाइल झाली?"

"झाली, अदी. स्पायरल केली."

"कव्हर?"

"ट्रान्स्परंट."

"अनुक्रमणिका?"

"आहे."

"दहापैकी नऊ."

मी माझ्या जुन्या सवयीने विचारलं, "एक का कापला?"

"वेळ," अदी म्हणाल्या. मग हसल्या. मग फोन त्या बाईंना परत द्यावा लागला.

ज्या बाईला कायद्याने इथे राहायची मुभा होती तिला सीमेवरच्या गेटातून पलीकडे सोडलं. माहेरचं सख्खं आता तिथे कोणी उरलं नव्हतं. सिंधमध्येच, सक्करला एका चुलतभावाच्या घरी त्यांना खोलीचा कोपरा मिळाला. निरोप यायचा तो दुबईच्या मावशीमार्फत. सिंधी कुटुंबात एक मावशी दुबईला असतेच, आणि दोन देशांचं बोलणं थांबलं की तीच पोस्ट ऑफिस होते.

कल्याणच्या एका वकीलबाईंनी केस हायकोर्टात घ्यायची तयारी दाखवली. मी त्यांच्या टेबलावर फाइल ठेवली.

"हे काय, लग्नाचा अल्बम?"

त्यांनी माझ्यादेखत स्पायरलचं टोक सरळ केलं आणि ती तार गोल गोल फिरवत बाहेर काढली. कोर्टात कागद दोऱ्याने टाचलेले लागतात, स्पायरल चालत नाही. ढिगातून त्यांनी जुन्या व्हिसाची प्रत, अर्जाची पावती आणि तो हुकूम एवढेच कागद घेतले. पहिले दोन अदींच्या कपाटातलेच होते, तिसरा सरकारचा. माझी स्वतःची कमाई, म्हणजे सगळी लेटरहेडं, त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"हे घरी ने. गणपती आहे, कचऱ्यात टाकू नकोस."

पारदर्शक कव्हर मुलीने विज्ञानाच्या प्रकल्पाला लावलं. तिची दहावी सुरू झाली होती. शिकवणीची बाकीची मुलंही दारात येऊन उभी राहायची, जाऊ कुठे असं तोंड करून. म्हणून मी जाहीर केलं, की अदी येईपर्यंत मी शिकवेन. कंपनीतून सुटलो की उल्हासनगर, मग बदलापूर. पहिल्या दिवशी मी शर्ट इन करून गेलो होतो.

"सर, तुम्ही मागचं उत्तर बघून पुढे येता ना?" तिसऱ्या गणितालाच एकाने ओळखलं.

"अदी पण असंच करायच्या," मी म्हणालो.

"अदी फळ्यावर चुकायच्या. मग बोलायच्या, सांग कुठे चुकले. तुम्ही चुकता आणि पुसून टाकता."

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोरं खरं बोलतात. तुला चुकायला येतं, पण चुकलेलं दाखवायला येत नाही." ती अजून कटर चालवते. मी सोड म्हणतो, ती म्हणते, तुझी परमनंट ऑर्डर येऊ दे.

एक भूमितीचं उदाहरण आलं. वर्तुळ, बाहेरचा बिंदू आणि दोन स्पर्शिका. मला सुटेना. मागून गेलो, पुढून गेलो, मोबाइलवर शोधलं. मुलीने फळ्याचा डावा कोपरा चौकट करून वेगळा काढला, त्यात आकृती काढली आणि लिहिलं, 'पुसू नये'. ती चौकट पावसाळाभर राहिली. उरलेल्या फळ्यावर मी दाटीवाटीने शिकवत होतो.

हायकोर्टातल्या तारखांना मी टाय लावून जायचो. न्यायाधीशांनी विचारलंच तर म्हणून एक भाषणही पाठ केलं होतं, सुरुवात अर्थात 'माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार' अशी. कोणी विचारलं नाही. न्यायाधीशांनी ते तीन कागद पाहिले आणि सरकारी वकिलांना विचारलं, "यांना वगळलेलं असताना पाठवलं कसं?" सरकारी वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो. सूचना यायला दिवाळी उलटली. शेवटी त्यांनी सांगितलं, की खास बाब म्हणून बाईंना परत यायचा व्हिसा देऊ. चूक झाली, असं कोणी म्हणालं नाही. वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "शब्द मागू नकोस, बाई माग." मी टाय सोडून खिशात कोंबला.

गेल्या आठवड्यात व्हिसाचा कागद आला. सीमेवरचं गेट मात्र बंद आहे. खास परवानगीवाल्यांसाठी ते कधी उघडतील तो दिवस अजून कळलेला नाही. ज्या दिवशी कागद आला त्या दिवशी मी अदींना पत्र लिहिलं. हाताने लिहिलं, फोटो काढला, दुबईला पाठवला. ते असं:

अदी,

सप्रेम जयभीम. आईचाही जयभीम. ती म्हणते, या पत्रात भाषण करू नको. म्हणून थोडक्यात लिहितो.

तुमचा व्हिसा मंजूर झाला आहे. प्रत सोबत आहे. वाचून बघा, मी शंभर टक्के म्हणत नाही, पण वकीलबाई म्हणतात. गेट उघडायचा दिवस कळला की काका थेट तिथे येतील. मुलगी पण येणार म्हणते. बोर्डाच्या प्रॅक्टिकलची तारीख आड आली नाही तर येईल, नाहीतर मी तिला परीक्षेला पोचवीन. ती काळजी करू नका.

कागद सुटे ठेवा. फाइल करू नका. पावती सगळ्यांत वर ठेवा. गेटावर कोणी काही विचारलं तर जेवढं विचारतील तेवढंच सांगा. (हे मला सांगण्याचा अधिकार नाही, हे माहीत आहे.)

तुमच्या घरी पापड खाल्लेला हवालदार स्टेशनबाहेर भेटतो. दर वेळी विचारतो, मॅडम आल्या का. मी नाही म्हणालो की तो दुसरीकडे बघतो. या वेळी सांगितलं, कागद आलाय. तर म्हणाला, कागद नको सांगू, आल्या की सांग.

काकांचं दुकान चालू आहे. त्यांना बटणाचे नंबर लागत नाहीत. तुम्ही डब्यांवर सिंधीत काय लिहून ठेवलंय ते त्यांनाही वाचता येत नाही म्हणतात, तुमचं अक्षर.

वर्ग चालू आहे. मुलं तुमची आहेत, म्हणून टिकली आहेत. सहामाहीत दोघं नापास झाले. त्यांच्या उत्तरपत्रिका मी वाचल्या, दोघंही फार कॉन्फिडन्सने चुकलेत. एकाच्या आईने विचारलं, काय करू. मी म्हणालो, अदी येईपर्यंत थांबा.

फळ्याच्या कोपऱ्यातली आकृती तशीच आहे. पावसात भिंत ओलावली तेव्हा खडू पुसट झाला होता, मुलीने परत गिरवली. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला दोन स्पर्शिका, आणि मधला कोन काढायचा आहे. मला अजून येत नाही. कृपया दुबईमार्गे उत्तर पाठवू नका. इथे येऊन, फळ्यावर, आधी एकदा चुकून, मग सांगा.

तुमचा
पुट